भिंतीतला गडवा आणि मलब्यातले कागद: महालातल्या एका घराचं प्रकरण

घर, माणसं आणि नाती ओळखू येणार नाहीत एवढे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय मात्र जसे होते तसेच ठेवले आहेत. या घराच्या दुरुस्तीत भिंतींच्या मजबुतीचा सल्लागार म्हणून मी होतो. पुढचे कायदेशीर मुद्दे कुटुंबाच्या वकिलांकडून समजून घेतले.

पार्श्वभूमी

नागपूरच्या महाल भागातलं जुनं दुमजली घर. पुढे ओसरी, वर कवेलूचं छप्पर, मधला चौक कधीच पत्रे टाकून झाकलेला. भिंती दीड-दोन फूट जाड, पातळ जुन्या विटांच्या, आतून माती आणि वरून चुन्याचा गिलावा. पुढच्या दोन खोल्या कधीतरी सिमेंटने लिंपून घेतलेल्या. अशा घरात सिमेंट लावलं की आतली ओल आतच राहते आणि पाच-सात वर्षांत पोपडे सुटतात. इथेही तेच झालं होतं.

घरात थोरले बंधू, त्यांची पत्नी आणि ऐंशी पार केलेली आई राहत. थोरले बँकेतून निवृत्त झालेले. धाकटे मनीषनगरला फ्लॅटमध्ये, बहीण अमरावतीला. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. मध्यंतरी धाकट्यांनी, बहिणीने आणि आईने घरावरचा हक्क सोडल्याचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र थोरल्यांच्या नावे करून दिलं होतं. त्याचा मोबदलाही दिला-घेतला गेला होता. घराचा प्रश्न मिटला, असं सगळ्यांना वाटत होतं.

दुरुस्तीचं कारण साधं होतं. आईचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, परसातल्या संडासापर्यंत जाणं तिला जमेना. तिच्या खोलीला लागून संडास-न्हाणीघर काढायचं आणि त्यासाठी मागच्या भिंतीत दार पाडायचं, असं ठरलं. ती भिंत वरच्या मजल्याचं ओझं घेणारी होती, म्हणून मला बोलावलं. २०२३ च्या मार्चमध्ये, ऊन तापायच्या आत आणि पावसाच्या बरंच आधी, काम सुरू झालं.

काय सापडलं

दाराची चौकट आखून झाली होती. मिस्त्री सब्बलने, म्हणजे पहारीने, गिलावा उडवत होता. एका जागी तो थांबला, हाताने ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, इथं पोकळ वाजून राहिलं."

गिलाव्याखाली विटांचा एक चौकोन दिसला, हातभर रुंद आणि त्याहून थोडा उंच. आजूबाजूची भिंत पातळ विटांची, आणि हा तुकडा मात्र आजच्या मापाच्या जाड विटांचा. तिथे पूर्वी देवळी होती आणि ती नंतर बुजवली, हे त्या विटांवरूनच कळत होतं. विटा काढल्यावर आत तांब्याचा गडवा, म्हणजे लोटा, निघाला. तोंडाला फडकं बांधून वर राळेसारखं काहीतरी चोपडलेलं होतं.

पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत काय झालं ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळं प्रकरण तिथेच फिरलं. गडवा निघताच मिस्त्री, दोन मजूर, थोरले, वहिनी सगळे त्याच्याभोवती जमले. फडकं फाडलं गेलं. आतून चांदीचे रुपये ओतले. वहिनींनी पदरात घेतले, थोरल्यांनी मोजायला सुरुवात केली. तेवढ्यात एका पोराने रिकाम्या देवळीत फावडं घातलं आणि आतली माती, विटांचे तुकडे, चिंध्या घमेल्यात भरून रेजाच्या, म्हणजे मजूर बाईच्या, डोक्यावर दिलं. ट्रॉली दाराशी उभी होती, एक खेप आधीच गेली होती.

रेजा दारापर्यंत गेली आणि घमेलं खाली ठेवून परत आली. तिच्या हातात दोऱ्याने बांधलेला एक पुडका होता, एका कोपऱ्याला वाळवी लागलेला. "कागद हाय जी, लिहिलेला," ती म्हणाली. थोरल्यांनी मान वर न करता "ठेव तिकडे" म्हटलं. मी तो घेऊन खिडकीत ठेवला आणि काम थांबवायला सांगितलं.

रुपये ६३ निघाले. व्हिक्टोरिया राणीचे सर्वांत जास्त, काही १८६२ सालचे, काही पुढचे 'एम्प्रेस' लिहिलेले, त्यानंतर सातव्या एडवर्डचे, आणि पाच-सहा पाचव्या जॉर्जचे. सर्वांत अलीकडचं साल १९१९.

अडचण

संध्याकाळपर्यंत बोळीत बातमी पसरली होती, आणि तीही फुगून. महालात जमिनीतून काहीही निघालं की ते भोसल्यांचं असतं. १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले, इंग्रजांनी राज्य खालसा केलं, जडजवाहीर आणि हत्ती-घोडे लिलावात काढले. त्यातलं बरंच कुणीतरी लपवलं असणार, अशी या भागाची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. राणीचा मुखवटा असलेला रुपया भोसल्यांचा कसा असेल, हे विचारायला कुणी थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ दाराशी आले. एक हंडा निघाला म्हणजे जोडीचा दुसरा जमिनीत असतोच, तो अमावास्येला काढून देतो, म्हणू लागले. वहिनींनी त्यांना पाणीही विचारलं नाही. ते बरंच झालं. अशा गुप्तधनाच्या नावाखाली चालणारे अघोरी प्रकार महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहेत.

खरी अडचण घरातली होती. धाकटे रात्रीच आले. थोरल्यांचं म्हणणं एका वाक्यात होतं: "घर माझं, भिंत माझी, भिंतीतलं माझं." धाकट्यांचं त्याला उत्तर: "मी घरावरचा हक्क सोडला, आजोबांच्या पैशावरचा नाही." बहीण फोनवर होती. तिचा मुलगा अमेरिकेत असतो, त्याला आठवण म्हणून दोन रुपये पाठवावेत एवढंच तिचं मागणं. आणि मिस्त्री ओसरीवर बसून होता. "सापडलं ते मला, काही तरी द्याल ना भाऊ?"

एवढ्या आवाजामागे रक्कम किती होती? त्या काळचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात साडे-एक्क्याण्णव टक्क्यांहून थोडी जास्त चांदी. ६३ रुपयांची चांदी पाऊण किलोच्या आतच, म्हणजे त्या वेळच्या भावाने पन्नास हजारांच्या आसपास. न्हाणीघराच्या खर्चाच्या निम्मीही नाही. पण भावाभावांत रकमेपेक्षा "मला विचारलं नाही" हे जास्त लागतं, हे जुन्या घरांच्या कामात मी अनेकदा पाहिलं आहे.

पर्याय

पहिला पर्याय गुपचूप वाटून घेण्याचा. सर्वांत सोपा, आणि बोळीला कळल्यानंतर सर्वांत धोक्याचा. १८७८ चा निखात निधी कायदा फक्त शेतात सापडलेल्या हंड्यांसाठी आहे, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कुठल्याही गोष्टीत लपवलेली मौल्यवान वस्तू त्यात येते, आणि भिंत जमिनीला जोडलेलीच असते. मूळ कायद्यातली मर्यादा दहा रुपयांची. त्याहून जास्त किमतीचं सापडलं तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. कळवलं नाही तर त्याचा वाटा सरकारजमा होतो, आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. घरमालकाने लपवायला मदत केली तर त्यालाही शिक्षा आहे.

दुसरा पर्याय इतवारीत सराफाकडे नेऊन मोडण्याचा. थोरले एका ओळखीच्या सराफाला एक मूठभर नाणी दाखवूनही आले. त्या सराफाने एक चांगलं काम केलं. १९११ सालचा एक रुपया बाजूला काढून म्हणाला, हा मोडू नका. त्यावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून बोभाटा झाला होता, सरकारने ते रुपये परत बोलावून वितळवले आणि पुढच्या वर्षी चित्र बदललं. बाकी नाणी साधीच, पण चांदीच्या भावात मोडण्यापेक्षा नाणी म्हणून त्यांना जास्त मिळेल, असंही त्याने सांगितलं. घरी वहिनी चिंच-मीठ घेऊन नाणी घासायच्या तयारीत होत्या. त्यांना थांबवलं. घासलेल्या नाण्याला संग्राहक हात लावत नाहीत, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठल्या नाण्यावर किती काळ चढला आहे हाही पुरावा असतो.

तिसरा पर्याय बहिणीचा: सरळ अजब बंगल्याला, म्हणजे आपल्या मध्यवर्ती संग्रहालयाला, देऊन टाकावं. १८६३ पासूनचं संग्रहालय, भांडण आपोआप मिटेल. विचार चांगला होता, पण दान करायला आधी वस्तू कुणाची हे ठरावं लागतं.

चौथा, जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचा. यात भीती होती, आणि ती अगदीच चुकीची नव्हती. थोरल्यांनी कायद्यातलं एक कलम कुणाकडून तरी ऐकलं होतं: माल बेवारस ठरला आणि सापडणारा व जागेचा मालक यांच्यात आधी काही ठरलेलं नसेल, तर पाऊण वाटा सापडणाऱ्याला आणि पाव वाटा मालकाला. "म्हणजे मिस्त्रीला पाऊण? आणि मला पाव?" रोजंदारीवर तुमच्याच कामाला आलेला माणूस कायद्याच्या अर्थाने 'सापडणारा' ठरतो का, यावर वकिलांमध्येही वाद होऊ शकतो. पण थोरल्यांची झोप उडायला तेवढंच पुरेसं होतं.

निर्णयाचे टप्पे

पहिला निर्णय माझ्या हातातला होता: पाडकाम तिथेच थांबवणं. धाकट्यांचा आग्रह होता की भिंत पूर्ण उकलून पाहू, अजून काही असेल. ती भिंत वरच्या मजल्याच्या मयाली, म्हणजे लाकडी तुळया, पेलत होती. देवळी मोकळी झाल्यावर तिच्या डोक्यावरच्या विटा आधीच सैल झाल्या होत्या. लोखंडी जॅक आणि बल्ल्या लावून वरचा भार घेतला, देवळीच्या वर पाटई, म्हणजे आडवा आधार, टाकली, आणि भिंत उकलण्याला लेखी नकार दिला. लेखी, कारण तोंडी नकार रात्री कुणी सब्बल उचलली की विसरला जातो. फरशी खणण्याबाबतही तेच. पायाजवळ खणलं तर या जातीच्या भिंती एका पावसात बसतात.

दुसरा निर्णय यादीचा. त्याच रात्री जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरून प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंनी फोटो घेतले, साल लिहिलं, वजन केलं. देवळीची मापं, जमिनीपासूनची उंची, बुजवलेल्या विटांचे फोटो, फडक्याचा उरलेला तुकडा. यादीवर दोन्ही भावांच्या आणि मिस्त्रीच्या सह्या. मिस्त्रीची सही घ्यायला थोरले तयार नव्हते. पण त्याची सही नसती तर नंतर कुणी "रुपये शंभर होते" म्हटलं असतं तर उत्तर काय दिलं असतं?

तिसरा निर्णय कागदांचा. त्या पुडक्याकडे दोन दिवस कुणी पाहिलं नाही. तो उघडायचा मोह होत होता, पण वाळलेला कागद घडीवर तुटतो. कोऱ्या कागदांच्या थरात ठेवून, जड पुस्तकाखाली नव्हे तर हलक्या पाटीखाली दाबून, तो एका निवृत्त शिक्षकांकडे नेला. ते मोडी वाचतात. आठवडाभरात त्यांनी सुट्या झालेल्या चिठ्ठ्या लावून दिल्या. बऱ्याचशा भाड्याच्या पावत्या, किराण्याचे खर्डे. एकीवर मात्र हे होतं: शके १८५१ च्या कार्तिकातली तारीख, मुक्काम नागपूर, मातोश्रींची ठेव कलदार (म्हणजे इंग्रजी टांकसाळीचे चांदीचे) रुपये ७५, पैकी १२ खर्ची, बाकी ६३. खाली आजोबांचं नाव.

नाण्यांच्या मोजणीशी आकडा जुळला तेव्हा घरात पहिल्यांदाच शांतपणे बोलणं झालं.

शके १८५१ चा कार्तिक म्हणजे १९२९ सालचा नोव्हेंबर. आता हे का महत्त्वाचं ते पाहा. नुसती नाणी पाहिली तर शेवटचं साल १९१९, म्हणजे सापडलं तेव्हा शंभर वर्षं उलटून गेलेली, आणि काही नाणी त्याहून पन्नास-साठ वर्षं जुनी. कुणालाही वाटलं असतं की लपवून शतक झालं. पण नाण्याचं साल एवढंच सांगतं की त्याआधी लपवलेलं नाही. १९२३ पासून पुढची दहाएक वर्षं चांदीचे रुपये पाडलेच गेले नाहीत, म्हणून १९२९ च्या गडव्यात १९१९ चा रुपया सर्वांत नवा असणं साहजिकच. कायद्यात मात्र शंभर वर्षं ही रेघ आहे. शंभर वर्षांच्या आत, दावा करणाऱ्याने किंवा ज्याचा तो वारस आहे त्याने लपवलेलं, असं मानायला जागा असेल तर जिल्हाधिकारी चौकशी तहकूब करून दावेदाराला दिवाणी न्यायालयात जाण्याची मुदत देतात. माल लगेच बेवारस ठरत नाही. म्हणजे पाऊण-पावाची भीती ज्या चिठ्ठीने घालवली, ती घमेल्यातून दारापर्यंत जाऊन आली होती.

चिठ्ठीने थोरल्यांचीही बाजू मोडली. ठेव आजोबांच्या आईची, पुढे आजोबांची, मग वडिलांची. आजोबा आणि वडील दोघेही एकुलते, म्हणून गुंता तिथेच थांबला. वडिलांचे वारस तीन भावंडं आणि आई. हक्कसोडपत्र होतं ते घराचं, या रुपयांचं नव्हे. आई पहिल्या वर्गातली वारस आहे आणि तिचा वाटा मुलांएवढाच आहे, हे वकिलांनी सांगितलं तेव्हा दोन्ही भाऊ एकमेकांकडे पाहू लागले. तोवर तिचं नाव कुणी घेतलंच नव्हतं.

आईला विचारायलाही याच वेळी कुणी गेलं. त्या म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तेव्हा तिथं देवळी नव्हती, पण सासूबाई दिवा लावताना त्या भिंतीला हात लावून नमस्कार करत. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही." लग्न साठच्या दशकातलं. देवळी त्याआधीच बुजवलेली होती, याला हा दुजोरा.

परिणाम

यादी, फोटो आणि चिठ्ठीच्या मोडी-देवनागरी प्रतीसह जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी सूचना दिली. घरी पंचनामा झाला, रुपये कोषागारात जमा झाले. कायद्यानुसार दावेदारांसाठी जाहीर सूचना निघते आणि हजर राहण्याची तारीख त्यानंतर चार ते सहा महिन्यांच्या दरम्यानची असते. तोवर सगळे गप्प बसले, याचं श्रेय कायद्याला नाही, वहिनींना आहे. त्यांनी दिवाळीला तिन्ही घरं एकत्र जेवायला बोलावली.

पुढे दावा दिवाणी न्यायालयात गेला आणि तडजोडीने मिटला. चार वाटे झाले. मिस्त्रीला कुटुंबाने लेखी करारनाम्याने ठरलेली रक्कम दिली, आणि रेजालाही. रेजाचं नाव आधीच्या कुठल्याच कागदावर नव्हतं. ते धाकट्यांनी आग्रहाने घातलं, हे नोंदवायला हवं.

अमेरिकेतल्या भाच्याला रुपये गेले नाहीत. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात पुरावस्तू ठरतं, आणि ते खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. बहिणीने त्याला फोटो पाठवले. चिठ्ठी आईकडे आहे, आम्लरहित कागदाच्या पाकिटात.

न्हाणीघर झालं, पण दार दोन हात सरकवून. देवळीच्या जागी भिंत परत भरली, चुन्यात.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, आईशी बोलणं. जुन्या घराच्या कामाआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला तासभर विचारावं: कुठे देवळी होती, कुठे बळद, म्हणजे धान्य साठवायची बंद जागा, होतं, कोणतं दार बुजवलं. सासूबाईंच्या नमस्काराची गोष्ट आधी कळली असती तर त्या जागी सब्बलऐवजी छन्नी लागली असती.

ठोकून पाहणंही आधीच होऊ शकतं. गिलाव्याखालच्या विटांच्या मापातला फरक बऱ्याचदा भेगेच्या सरळ रेघेत वरूनच दिसतो. जुन्या भिंतींच्या पाहणीत मी आता बुजवलेली तोंडं नकाशावर वेगळ्या रंगाने दाखवतो.

मलब्याची पहिली खेप आजही माझ्या मनात खटकते. ती गिलाव्याचीच होती, बहुधा त्यात काही नव्हतं. पण "बहुधा" म्हणावं लागतं, कारण ती कुणी चाळली नाही. काही सापडलं की ट्रॉली रिकामीच उभी राहील, आणि जे भरलं आहे ते चाळणीतून जाईल, हा नियम कामाच्या पहिल्या दिवशीच सांगायला हवा.

फडक्याबद्दल मतभेद आहेत. ते फाडलं नसतं तर राळेच्या थरावरून आणि गाठीवरून गडवा एकदाच बंद केला की पुन्हा उघडला होता, हे कळलं असतं. बारा रुपये "खर्ची" पडले ते बुजवण्याआधी की नंतर, याचं उत्तर त्या गाठीत होतं. थोरले म्हणतात, त्याने वाटण्यात काय फरक पडला असता? वाटण्यात नसता पडला.

आणि काही सापडलं तर काय करायचं, याचं ठेकेदाराशी करारात एक कलम. ठेकेदार आधी नाखूश असतात, त्यांना वाटतं आपल्यावर चोरीचा संशय घेतला जातोय. इतवारीतल्या पुढच्याच कामावर एका ठेकेदाराने ते वाचून सांगितलं, "कळवायचं, थांबायचं, हे सगळं ठीक आहे साहेब. पण बक्षीस किती ते आकड्यात लिहा, आणि मजुराला वेगळं लिहा, माझ्यातून नको." तसंच लिहिलं.